घोड्याचे पूर्वज भारतातले?

भटक्या_७: सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत म्हणे घोडा-गेंड्याच्या कुळातल्या प्राण्याची हाडं सापडली, पण तेव्हा भारत बेट होता ना, मग हे आले कुठून आणि गेले कुठे?

दगडूशेठ: तो कॅम्बेथेरियम. वय साधारण ५.४५ कोटी वर्षं. २०१४ मध्ये केनेथ रोझ आणि मंडळींनी पेपर काढला की खुरांच्या विषम बोटांवाल्या प्राण्यांचं (म्हणजे घोडा, गेंडा वगैरेंच्या गटाचं) मूळ भारतातच असावं, म्हणजे बेट उत्तरेला सरकतंय, त्यावर हे वाढतायत आणि आशिया जवळ आल्यावर तिकडे पसरले. मला पटतं, पण अर्धंच. त्यांचे पूर्वज बेटावर कसे पोचले ते राहतंच की!

माती_चाळणारी: आणि त्याआधीचं बघ, तेलंगणातल्या नस्कलला दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डेक्कनोलेस्टिस नावाचा सस्तन प्राणी मिळाला, १९८८ ला प्रसाद आणि साहनी या संशोधकांनी छापलं. चिचुंद्रीएवढा जीव, हाती काय तर दात! असली माती भिजवून बारीक चाळणीतून धुतात, उरलेला चुरा वाळवून मायक्रोस्कोपखाली निवडायचा, तांदळातले खडे काढल्यासारखं. पोतंभर मातीत दोन-चार दात आले तरी लोक खूश.

भटक्या_७: बाप रे, दातावरून एवढं कळतं?

माती_चाळणारी: दाढेच्या उंचवट्यांवरूनच तर ओळखतात, दात सगळ्यात टिकाऊ रे.