'पॉज'ला काय म्हणावं? विराम, उसंत, उघडीप?

शब्दवेडी: गाझातल्या पोलिओ लसीकरणावरचा लेख भाषांतराला घेतलाय. २५ वर्षांनी तिथे पोलिओचं मूल सापडलं, म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये रोज काही तास लढाई थांबवून दहा वर्षांखालच्या मुलांना लस दिली. 'ह्युमॅनिटेरियन पॉज'चं मी 'मानवतावादी विराम' केलं. संपादक म्हणतात 'युद्धविराम' करा. पण युद्ध तर दुपारनंतर पुन्हा सुरू व्हायचं!

कोरा कागद: युद्धविराम नकोच. 'तहकुबी' घ्या. सभा तहकूब होते, संपत नाही.

आजोळ: तहकुबीत 'तह' आहे, वाचक फसेल.

कोरा कागद: त्या 'तह'चा इथे संबंध नाही. अख्खा शब्दच अरबीकडून आलाय.

आजोळ: ठाऊक आहे, पण दिसतो ना! 'उसंत' का नको? उसासा आणि उसंत एकाच श्वासातले असावेत असं मला लहानपणापासून वाटतं.

रानवाट: मी भामरागड तालुक्यात आरोग्यसेविका होते. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर असायचं, एरवी कधी नक्षल सप्ताहाचा बंद. दोन्ही वेळा लसीचा डबा तिथेच अडकायचा आणि आतला बर्फ वितळत जायचा. पाणी उतरलं की आशाताई म्हणायची, "मॅडम, उघडीप आहे, निघा." बंद सुटला तरी हेच म्हणायची. मी 'उघडीप'च लिहीन.

शब्दवेडी: वाचून अंगावर काटा आला. हाच घेते.

आजोळ: थांबा. पाऊस कोणाच्या हातात नसतो. बॉम्ब माणसं टाकतात आणि थांबवतातही माणसंच. 'उघडीप' म्हटलं की टाकणारा वाक्यातून निसटतो. एल साल्वादोरमध्ये १९८५ साली सरकार आणि बंडखोरांनी लसीकरणासाठी लढाई थांबवली, त्याला 'शांततेचे दिवस' म्हणाले. ते दिवस कोणीतरी कबूल केले होते. कबुली शब्दात दिसायला हवी.

रानवाट: पटतं. तरी आशाताईचा शब्द खोटा नव्हता. चालत जाणारीला एवढंच कळायचं असतं की आज वाट मोकळी आहे का.

कोरा कागद: लेखात 'लस टोचली' लिहिलं नाहीत ना? गाझात तोंडात दोन थेंब दिले. पोलिओ पाजतात.

आजोळ: लस मुळात जखमेतून येते ती. आजी सरसकट 'देवी काढल्या' म्हणायची, पोलिओलाही.

कोरा कागद: म्हणून काय आपणही तसंच लिहायचं? देवीची लस दंडावर टोचायचे, व्रण राहायचा. पोलिओचा कुठे राहतो?

रानवाट: करंगळीला शाई राहते ना. गाझातही लावली होती. आमच्याकडे आया तेवढीच दाखवायच्या, "पाजलंय" म्हणून.

शब्दवेडी: 'पाजली' करते. पण पॉजचं काय? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

आजोळ: 'कबूल उसंत'?

कोरा कागद: असं कोण बोलतं?