मदत हवी आहे: बेगलच्या दुकानात अंडं टाळून ऑर्डर कशी द्यावी?

न्यू जर्सीतल्या एडिसनला घराजवळ बेगलचं (मधे भोक असलेल्या गोल पावाचं) नवं दुकान उघडलंय. शनिवार-रविवारी सकाळी रांग पार दाराबाहेर जाते. सासू-सासरे भारतातून आलेत, दोघांनाही अंडं अजिबात चालत नाही. एग बेगल आम्ही घेतच नाही. साध्या बेगलच्या पिठात सहसा अंडं नसतं, हे ठाऊक आहे. अडचण सुरीची आहे. गेल्या वेळी कापलेल्या कडेला पिवळा बलक लागलेला दिसला, सासूबाईंनी तसाच बाजूला ठेवला. फार वाईट वाटलं. अ‍ॅपवर सूचना लिहून पाहिली, उपयोग नाही. फोन कुणी उचलत नाही. अख्खा बेगल घरी आणता येईल, पण सासऱ्यांना तिथेच बसून गरमागरम खायचाय. एवढ्या गर्दीत काउंटरवर नेमकं काय सांगितलं की सुरी आणि हातमोजे बदलतात? आणि तीळ-खसखस चिकटवायला वरून अंडं लावतात का, कुणी विचारलंय?