मदत हवी आहे: नेफ्रोटिक सिंड्रोम आणि ॲलर्जी, ॲलर्जीची तपासणी नेमकी कोणती करावी?

मुलगा ६ वर्षांचा, वजन १९ किलो. स्टिरॉइडला प्रतिसाद देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून लघवीत प्रोटीन जाऊन अंगावर सूज येणारा आजार) आहे. गेल्या १२ महिन्यांत आजार तीनदा उलटला, म्हणजे सकाळच्या पहिल्या लघवीत सलग तीन दिवस प्रोटीन ३+. त्यातल्या दोन वेळा आधीच्या आठवड्यात शिंका आणि डोळ्यांना खाज होती, ताप नव्हता. पापण्यांची सूज ॲलर्जीची समजून पहिल्या वेळी लघवीतलं प्रोटीन स्ट्रिपने तपासायला उशीर झाला. आता सूज दिसली की आधी स्ट्रिप.

सध्या प्रोटीन निगेटिव्ह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) व रक्तदाब नॉर्मल. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) १० मिग्रॅ एक दिवसाआड, रात्री सेटिरिझिन (ॲलर्जीचं औषध) ५ मिग्रॅ. गादी-उशीला धूळकिड्यांसाठीची आवरणं घातली, चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुतो; शिंका कमी झाल्या. डॉक्टरांना विचारून ४ आठवडे दूध बंद केलं, फरक नाही, पुन्हा सुरू केलं. रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं आहे, पण ते या आजारात ॲलर्जीशिवायही वाढतं, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही.

स्टिरॉइड आम्ही स्वतःहून कमी करणार नाही. त्वचेच्या चाचणीसाठी सेटिरिझिन आठवडाभर थांबवावं लागेल, आणि नेमकी तेव्हाच ॲलर्जी उसळेल ही धास्ती आहे. अशा मुलांत त्याऐवजी धूळकिडा-परागकणांसाठीची विशिष्ट आयजीई रक्तचाचणी पुरेशी धरता का, आणि ॲलर्जी आटोक्यात आल्यावर आजार उलटणं खरंच कमी झालेलं कुणी पाहिलंय का?