आईच्या गुडघ्यांसाठी आयुर्वेदिक उपचार सुचवा (वाई-सातारा परिसर, बजेट ६ हजार)

वाईकरीण
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, वाईला एकटी असते. मी पुण्यात. दोन वर्षांपासून तिचे गुडघे धरतात, उजवा जास्त. एक्स-रे झाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, झीज आहे पण ऑपरेशनची घाई नाही, व्यायाम करा, वजन थोडं उतरवा. आईने त्यातलं "ऑपरेशन" तेवढं ऐकलं आणि आता तिला आयुर्वेदिकच हवंय. ढोल्या गणपतीला रोज जायची, आता रस्त्यावरूनच हात जोडून परत फिरते. सगळं मिळून ६ हजारांपर्यंत जमेल. जानुबस्ती (गुडघ्यावर पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरतात ती), तेल, गोळ्या, काय करावं? स्वतःचा अनुभव असेल तरच सांगा, फॉरवर्ड नकोत.

निवांत_काका
सरळ केरळ गाठा. आम्ही उभयता गेल्या वर्षी जाऊन आलो. १४ दिवस, राहणं-जेवण धरून माणशी ७८ हजार. सकाळी दोघं जण दोन्ही बाजूंनी तेल रगडतात, मग कांजी, मग झोप. खिडकीतून समोर बॅकवॉटर. आईपुढे पैशाचं काय घेऊन बसलात!

खडूस_पुणेकर
काका, धागा ६ हजारांचा आहे. आणि गुडघ्यांना फरक किती पडला ते राहिलंच की.

निवांत_काका
माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी पाठीसाठी गेलो होतो.

सालईबन
आमच्या नागपूरचं ऐका. शल्लकी म्हणून जे डब्यात भरून विकतात ते म्हणजे आपल्या सालईचा डिंक. सातपुड्यात चिकार झाडं. नागपूरच्याच डॉक्टरांनी गुडघ्याच्या ३० रुग्णांवर याचा अर्क वापरून पाहिला होता, आठ आठवडे औषध आणि आठ आठवडे नकली गोळी, आलटून पालटून. २००३ साली पेपर आला. दुखणं कमी झालं, सूज कमी झाली, चालणं वाढलं. माझी मोठी आई वर्षभर घेते आहे, आता बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एकटी जाऊन भाव करून येते.

खडूस_पुणेकर
त्याच पेपरात एक्स-रेमध्ये काहीही बदल दिसला नाही असंही लिहिलंय, ते खाल्लंत. ३० म्हणजे आमच्या सोसायटीच्या पूजेला याहून जास्त माणसं येतात.

सालईबन
पण दुखणं कमी झालं न भाऊ! एक्स-रेला काय दुखते काय?

पाटलीणबाई
हळद. दुसरं काही नको. आमच्या सांगलीची राजापुरी, घरची, गिरणीतून समोर उभं राहून दळून आणलेली. रात्री दुधातून एक चमचा आणि चिमूट मिरी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, अजून मांडी घालून जेवतात. अमेरिकेत उगाच नव्हतं कुणी हळदीवर पेटंट घेतलं. १९९५ ला दिलं होतं त्यांनी, जखमेवर लावायला म्हणून! आपले शास्त्रज्ञ माशेलकर साहेबांनी १९९७ ला रद्द करून घेतलं.

गोंयचो_भाचो
माशेलकर आमच्या माशेलचे. नोंद असावी.

खडूस_पुणेकर
पेटंट रद्द झालं ते "हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे" एवढ्याच मुद्द्यावर. त्याचा गुडघ्याशी काय संबंध? हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा गुणकारी घटक, असतं जेमतेम दोन ते पाच टक्के, त्यातलंही अंगी लागतं थोडंच.

पाटलीणबाई
म्हणूनच मिरी सांगितली. वाचत जा हो नीट.

अंगणवेल
गुळवेल! फुकट. आमच्या कडुनिंबावर चढलेली आहे, कोरोनापासून रोज काढा घेतो. वात, पित्त, कफ, तिन्हींवर चालते.

खडूस_पुणेकर
२०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली होती, गुळवेल घेऊन यकृत बिघडलेल्यांची. रोजचा काढा जरा जपून.

अंगणवेल
आयुष मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असणार. अर्धवट माहिती पसरवू नका.

खडूस_पुणेकर
बरं. मग तुमच्या कडुनिंबावरची नक्की कोणती, हे कुणी सांगितलं?

अंगणवेल
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बिब्बेवाली
मी स्वतःचं सांगते. आमच्याकडे एक म्हातारी यायची, तिने सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल आईच्या गुडघ्याभोवती ठिपके ठिपके लावलं. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. मांडीपासून पोटरीपर्यंत फोड, लाल भडक, खाजेने रात्रभर जीव गेला. खोबरं आणि तीळ वाटून थापले, शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडेच जावं लागलं. डाग अजून आहेत. गुडघा? तो आहे तसाच.

भिषक
मी वैद्य आहे, मिरजेकडे. धाग्यावर औषध लिहून देणार नाही, पण चार गोष्टी सांगतो.

योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. नावात "महा" आहे म्हणून जास्त चांगली, असं समजून लोक दुकानातून परस्पर घेतात. महायोगराजात भस्मं असतात आणि त्यात नागभस्म, म्हणजे शिशाचं. ती वैद्याने नाडी-पोट बघून, मोजक्या दिवसांसाठी द्यायची वस्तू. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच आणि घटक नसतील तर तो डबा घरात आणूच नका.

दुसरं, पुण्यातल्याच संधिवाताच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी केली होती, २०१३ ला प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, शल्लकी, गुग्गुळ असलेली औषधं एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही नेहमीची आधुनिक औषधं दुसरीकडे. आराम जवळपास सारखाच पडला. त्याच चाचणीत आयुर्वेदिक गटातल्या काही जणांचं एसजीपीटी (यकृतावर ताण आला की रक्तात वाढतं ते) वाढलं आणि औषध थांबवल्यावर उतरलं. आमची औषधं लागू पडतात म्हणून सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवं. महिना-दीड महिना गोळ्या घेणार असाल तर रक्त तपासून घ्या.

आणि मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. आई आणखी कोणत्या गोळ्या घेतात?

वाईकरीण
अरे हो, लिहायचं राहिलं. बीपीची एक. आणि तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.

भिषक
ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मग हळदीच्या कॅप्सूल, गुग्गुळ, शल्लकी, यातलं काहीही पोटातून देण्याआधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. जेवणातली हळद चालेल. अर्कांच्या गोळ्यांचं तसं नसतं. वरून लावायचं तेल, शेक यांना सहसा अडचण नाही, फक्त तेल फार गरम नको.

सालईबन
शल्लकीने काही होत नाही, मोठ्या आईला पण बीपी आहे.

रानफूल
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. जरा विषयांतर, पण गुग्गुळ एवढा सहज सुचवला जातोय म्हणून. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळावरचं ते काटेरी झुडूप. जास्त डिंक निघावा म्हणून खोल चिरा मारतात आणि झाड वाळून जातं. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते आता "अतिसंकटग्रस्त" आहे. म्हणून बाजारात भेसळ, आणि पुष्कळदा ती सालईच्याच डिंकाची. तेव्हा सालईबन, तुमच्या मोठ्या आईसारखीच शल्लकी कितीतरी लोक गुग्गुळ समजून खातायत. दिवे घ्या :)

निवांत_काका
केरळात ही भेसळ नसते.

जावईबापू
पुडीवाल्यांपासून सावध. माझ्या सासऱ्यांना एका गावातून काळपट चूर्णाच्या बिननावाच्या पुड्या आणून दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जिना चढले. सगळं घर खूश, शेजारचे तिघे पुड्या आणायला गेले. दोन महिन्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, साखर ३४० वर. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, स्टिरॉइड कोण देतंय? जडीबुटी सांगून भलतंच देतात. तीन दिवसांत चमत्कार झाला की समजा काहीतरी घोळ आहे.

पाटलीणबाई
म्हणूनच घरची हळद.

फिजिओ_मी
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, पाय सरळ, गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खर्च शून्य. आणि खाली बसून भाजी निवडणं बंद, संडास भारतीय असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणा.

मुंबईचा_पाहुणा
वरळीला पोदार आयुर्वेदिक रुग्णालयात दाखवा. सरकारी आहे, स्वस्तात होईल.

खडूस_पुणेकर
वाईहून वरळी. रोज. गुडघे दुखणाऱ्या बाईंनी. वा.

तेलकट
जानुबस्तीच्या नादी लागू नका. मी यूट्यूब बघून घरीच केली. उडदाचं पीठ घट्ट भिजवलं नाही, आळं एका बाजूने फुटलं आणि पाव लिटर महानारायण तेल गादीत. तेल ६०० रुपयांचं, गादी ९ हजारांची. बायको तीन दिवस बोलत नव्हती.

बिब्बेवाली
+१. शिवाय बस्ती संपली की महिन्याभरात दुखणं परत. माझ्या नणंदेचं तसंच झालं.

खडूस_पुणेकर
+१. हा सगळा गरम तेलाने मिळणारा तात्पुरता आराम. निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून बांधलात तरी तेच.

फिजिओ_मी
टॉवेल कुणी करून पाहिला का?

वाईकरीण
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी अपडेट देते.

पोटातलं काहीच घेतलं नाही. भिषकदादा, तुमच्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले गोळ्या-चूर्णं नकोतच. हे विचारलं नसतं तर महायोगराजचा डबा आला होता घरात, मामाने पाठवलेला. परत केला.

कमोड खुर्ची आणली, १८०० ला. आई तिला "सिंहासन" म्हणते, पण वापरते.

आणि तुम्ही सगळे नको म्हणालात तरी जानुबस्ती केली. कारण आमच्या आळीतल्या मालूमावशीही तिथेच जातात. दोघींनी मिळून रिक्षा ठरवली, सात दिवस, आईचे बैठकीचे ३५०० झाले. मी तिसऱ्या दिवशी सोबत गेले होते. वैद्यीणबाई आधी स्वतःच्या मनगटावर तेलाचा थेंब टाकून बघतात, मग चमच्याने आळ्यात सोडतात, निवलं की कापसाने टिपून घेऊन परत कोमट करतात. पाऊण तास दोघी शेजारी शेजारी पडून सुनांविषयी बोलत होत्या. मी आल्यावर विषय बदलला.

फरक? आई म्हणते रुपयातले सहा आणे. उजवा अजून कुरकुरतो. परवा दोघी गणपतीपर्यंत जाऊन आल्या, वाटेत दोनदा बसून. टॉवेलचा व्यायाम फोनवर मोजून करून घेते, दहाच्या ऐवजी ती सातलाच सोडते.

तिची तक्रार एकच आहे. रोजचं आळ्याचं पीठ बस्ती झाल्यावर टाकून देतात. "एवढ्या उडदात पंधरा वडे झाले असते गं."

तेलकट
पीठ किती घट्ट भिजवतात ते बघितलंत का?

निवांत_काका
त्या वैद्यीणबाई पाठीचंही करतात का, विचारून ठेवा.