रिकव्हरी कॉलेज : धाकट्या भावाला पाठवावे का?

सातारकर_ताई :
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहते. माझ्या धाकट्या भावाला (वय २९) गेल्या वर्षी सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याचा) पहिला झटका आला आणि तो सात आठवडे रुग्णालयात होता. आता तो आमच्याकडेच राहतो, औषधे नियमित घेतो, भास थांबले आहेत. पण दिवसाचे काय करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे आणि आमच्यापुढेही आ वासून उभा आहे. मागील भेटीत त्याच्या केअर को-ऑर्डिनेटरने (त्याच्या उपचारांचा समन्वय पाहणाऱ्या व्यक्तीने) हातात एक माहितीपुस्तिका ठेवली आणि स्थानिक रिकव्हरी कॉलेजमध्ये नाव घालण्याचे सुचवले. पुस्तिकेत झोप, चिंता, आवाज ऐकू येणे, कामावर परतणे, स्वतःची गोष्ट सांगणे असे विषय आहेत. हे उपचार आहेत की शिकवणी? परीक्षा, प्रमाणपत्र वगैरे असते का? घरच्यांना सोबत बसता येते का? आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "अगं, त्याचं कॉलेज होऊन सात वर्षं झाली, आता परत कशाला?" तिला काय सांगावे हेही मला सुचलेले नाही.

टूटिंगचा_विद्यार्थी :
ताई, मी स्वतः अशा कॉलेजात शिकलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इंग्लंडमधील पहिले रिकव्हरी कॉलेज २००९ मध्ये नैर्ऋत्य लंडनमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. तुमच्या नॉटिंगहॅमचे २०११ मधले, म्हणजे तेही जुन्यांपैकीच आहे. त्याआधी अमेरिकेत बोस्टन आणि फिनिक्स येथे अशी शिक्षणकेंद्रे चालत होती. या कॉलेजांचे मूळ सूत्र असे की येणारा माणूस रुग्ण नसून विद्यार्थी असतो, आणि प्रत्येक अभ्यासक्रम आजारातून गेलेली व्यक्ती व व्यावसायिक यांनी मिळून आखलेला असतो आणि दोघांनी मिळून शिकवायचा असतो.

माझा पहिला वर्ग नैराश्याविषयी होता. चौदा-पंधरा खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली, छातीवर फक्त पहिले नाव लिहिलेली चिकटपट्टी. शिकवणाऱ्या दोघींपैकी मानसोपचार परिचारिका कोण आणि दोनदा रुग्णालयात राहून आलेली कोण, हे मला मध्यंतरापर्यंत ओळखता आले नाही. आणि मी मनात ठरवले होते त्याच्या नेमके उलट निघाले. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ तर एका वॉर्डातील कर्मचारी होते आणि शिकायलाच आले होते. रुग्णालयात मला रोज "आज त्रास काय होतो आहे?" असे विचारले जाई, इथे पहिल्या दिवशी विचारले गेले, "तुम्हाला काय शिकायचे आहे?" दोन मिनिटे मला उत्तरच देता आले नाही, कारण दीड वर्षात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

परीक्षा नसते. काही ठिकाणी हजेरीचे प्रमाणपत्र देतात, पण त्याला पदवीचे मोल नाही. मध्येच उठून बाहेर जाण्याची मुभा असते, मी दोनदा गेलो, आणि दोघींपैकी एक शांतपणे मागे येऊन फक्त "ठीक आहे ना?" एवढे विचारून परत गेली.

आईंना सांगताना 'रिकव्हरी' म्हणजे 'बरे होणे' असे सांगू नका, 'सावरणे' असे सांगा. 'बरा झाला का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते. सावरलेल्या माणसाचा आजार कदाचित राहतोही, पण त्याचे दिवस पुन्हा त्याच्या हातात आलेले असतात.

ओटी_मीनल :
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी) आहे आणि अशा एका कॉलेजात शिकवते. वरील वर्णनात व्यावहारिक बाजूची भर घालते. बहुतेक ठिकाणी शिक्षण विनामूल्य असते. सेवा घेणाऱ्यांना, त्यांची काळजी घेणाऱ्या नातलगांना आणि कर्मचाऱ्यांना प्रवेश मिळतो, त्यामुळे तुम्हालाही नाव घालता येईल. मात्र भावाची सोबत म्हणून न जाता स्वतः विद्यार्थी म्हणून जा. अनेक ठिकाणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच अर्ज करता येतो. काही वर्ग दोन तासांचे एकदाच होतात, काही आठवड्याला एक असे पाच-सहा आठवडे चालतात. हे औषधांना किंवा थेरपीला पर्याय नाहीत. वर्गात कोणाच्या औषधाची मात्रा ठरत नाही, निदानावर चर्चा होत नाही.

'रॅप' (WRAP, म्हणजे स्वतःला सावरण्याचा स्वतः लिहिलेला आराखडा) नावाचा अभ्यासक्रम पुस्तिकेत असेल तर तो चुकवू नका. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९९७ मध्ये मेरी एलन कोपलंड आणि आजाराचा अनुभव असलेल्या काही जणांनी मिळून ही पद्धत तयार केली. त्यात रोज काय केल्याने मी ठीक राहतो, माझे बिनसवणाऱ्या गोष्टी कोणत्या, धोक्याच्या पहिल्या खुणा कोणत्या आणि संकटात कोणी काय करावे, हे ज्याचे त्याने, शांत असताना, स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. खुणा जितक्या बारीक तितक्या उपयोगी. मलाही चिंतेचा आजार आहे, त्यामुळे शिकवताना मीही लिहिते. माझ्या यादीतील पहिली खूण आहे 'फोडणी घालण्याचा कंटाळा'. सलग तीन दिवस ब्रेडवर भागले की नवरा कॅलेंडरकडे बोट दाखवतो. ही खूण कोणत्याही छापील तक्त्यात सापडणार नाही.

धायरीकर :
मी पुण्याहून लिहितो आहे. माझ्या मुलीला स्किझोफ्रेनिया आहे. वरील तपशील वाचून हेवा वाटला, परंतु अनुभवी माणसाने दुसऱ्याला हात द्यावा ही कल्पना आपल्याकडेही नवी नाही. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच अनेकदा समुपदेशक म्हणून काम करतात. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्थापन केली, आणि तिच्यासारख्या संस्थांच्या स्वमदत गटांमुळे आमच्यासारख्या पालकांना प्रथमच मोकळेपणी बोलायला जागा मिळाली. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' हे तिथे बसल्यावर समजते. मात्र एक फरक जाणवतो. गटात आम्ही दुःख वाटून घेतो आणि ते आवश्यकही आहे, पण अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि रुग्णाच्या शेजारी विद्यार्थी म्हणून बसलेला डॉक्टर, हे मी इथे अजून पाहिलेले नाही.

शंकेखोर :
सर्व काही गोड नाही, म्हणून लिहितो. मी ज्या कॉलेजात नाव घातले होते (नाव सांगत नाही) तिथे एक अभ्यासक्रम दोनदा रद्द झाला आणि दुसरा फक्त ऑनलाइन निघाला. कॅमेरे बंद, नुसत्या काळ्या चौकोनांपुढे बोलणे. शिवाय या कॉलेजांच्या परिणामांवरचे बहुतेक अभ्यास तुलनेच्या गटाविना झालेले आहेत. विद्यार्थी समाधान व्यक्त करतात हे खरे, पण जे दुसऱ्या वर्गाला फिरकलेच नाहीत त्यांना कोण विचारतो?

ओटी_मीनल :
शंका रास्त आहे. म्हणूनच ताईंना सुचवीन की आधी एकच छोटा, प्रत्यक्ष भरणारा वर्ग निवडावा आणि वर्ग नक्की होणार आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे.

सातारकर_ताई :
सर्वांचे आभार. काल रात्री जेवणानंतर पुस्तिका टेबलावर ठेवली आणि मी मुद्दाम भांडी घासायला उठले. परत आले तेव्हा त्याने 'झोप' या वर्गाभोवती पेन्सिलने गोल केला होता. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, दोन तास, प्रत्यक्ष. अर्जातील 'आपल्याला काय शिकायचे आहे' या रकान्यात त्याने 'आईचा फोन येण्याआधी उठणे' असे लिहिले आहे. साताऱ्याहून तिचा फोन इथल्या सकाळी आठला येतो. पेन्सिल माझ्याकडे सरकवून त्याने विचारले, "तू कुठला वर्ग घेणार?" मी अजून पुस्तिका चाळते आहे.