व्यापारचा खेळ पहिल्यांदा कोणत्या कंपनीनं काढला?

सेलूवाला (वर्धा): राम राम मंडळी. दिवाळीची साफसफाई करता करता माळ्यावर जुना व्यापारचा डबा सापडला, अर्ध्या नोटा उंदरानं कुरतडलेल्या अन् घरं हरवली म्हणून आम्ही चिंचोके ठेवत होतो ते बी तसेच आत. लाइन गेली की कंदिलाभोवती बसून खेळायचो. आता पोट्टी विचारते बाबा हा कोणी काढला? एका बेकार माणसानं म्हणतात, खरं काय?

कापूसकोंड्या: मूळ मोनोपॉली भाऊ, कंपनी पार्कर ब्रदर्स. जॉर्ज पार्कर म्हणून १६ वर्षाचं पोट्टं होतं, अमेरिकेत सेलम गावी, त्यानं १८८३ मध्ये बँकिंग नावाचा खेळ छापून विकला, तिथून कंपनीची सुरुवात. मोठा भाऊ चार्ल्स मागून आला तवा ब्रदर्स झालं. बेकार माणूस म्हणजे चार्ल्स डॅरो, तो मोनोपॉली घेऊन कंपनीकडे गेला होता. १९३४ ले कंपनीनं त्याले चक्क नाही म्हटलं, मग फिलाडेल्फियात माल खपाले लागला तं १९३५ ले स्वतःच धावत आली.

मामा तलाव (भंडारा): अर्धीच गोष्ट सांगता राजेहो. डॅरोच्या कितीतरी आधी लिझी मॅगी नावाच्या बाईनं १९०४ मध्ये पेटंट घेतलं होतं, नाव द लँडलॉर्ड्स गेम, म्हणजे आपल्याकडे मालगुजाराचा खेळ म्हणा. जमीन एकाच्या हातात गेली की बाकीचे भाडं भरून भरून कसे कंगाल होतात हे लोकाईले दाखवाचं होतं तिले. नियम बी दोन तऱ्हेचे, एकात सगळ्यांले बुडवाचं, दुसऱ्यात कोणाचीही कमाई झाली की सगळ्यांले वाटा. कंपनीनं पहिला ठेवला. १९३५ ले तिचं पेटंट ५०० डॉलरात घेतलं, रॉयल्टी शून्य, अन् डॅरो लखपती! हे बाहेर बी आलं ते १९७० नंतर, एका प्राध्यापकानं अँटी-मोनोपॉली काढला अन् कंपनीसंग कोर्टकचेरी झाली तवा जुने कागद उकरले गेले.

सेलूवाला (वर्धा): बापरे. अन् कंपनी आहे काय अजून?

कापूसकोंड्या: १९९१ पासून हॅसब्रो नावाच्या अमेरिकन खेळण्याच्या कंपनीकडे आहे. बाईचं मले बी माहीत नव्हतं.

सेलूवाला (वर्धा): पोट्टीले सांगितलं तं ते म्हणते आज बाईच्या दुसऱ्या नियमानं खेळू. बसलो. अन् नेमकी मुंबई पहिल्यांदाच माझ्या हाती लागली होती बे.