मदत हवी आहे: नमुना एकच, ब्लॉकची मापं वेगवेगळी

निळाई: गोधडीसाठी पेपर पीसिंग शिकवते आहे, म्हणजे कागदावर छापलेल्या रेषांवर टीप मारून कापडाचे तुकडे जोडायचे, मग कागद फाडून काढायचा. आठ जणींना एकच भिरभिऱ्याचा नमुना दिला होता. काल सगळ्यांचे ब्लॉक (गोधडीचे चौकोन) जमिनीवर मांडले, तर तिघींचे लहान, आणि एकीचं भिरभिरं उलटं फिरतंय! रविवारपर्यंत जोडायचेत. उसवायला सांगवत नाही हो, इतके देखणे झालेत. एकीने आईच्या इरकलीचे काठ लावलेत, दुसरीने नुसत्या पांढऱ्यावर एकच लाल पातं. काय करू? लवकर सांगा.

सुईदोरा: लहान म्हणजे किती? मूळ माप काय? कापड आधी धुतलं होतं का?

वाकळवाली: मुळात कागद कशाला? आमची आजी जुन्या लुगड्यांचे थर घालून नुसत्या धावदोऱ्याने वाकळ शिवायची. तेच शिकवा.

निळाई: वाकळ मीही शिवते. पण पात्यांची टोकं छापील रेषेवर टीप मारली तरच अशी नेमकी येतात. ब्लॉक साडेबारा इंच हवा, तिघींचे १२ इंच १ सूत (इंचाचा आठवा भाग) भरतात. कापड धुतलेलंच होतं.

मधुकोश: जाड कागदाचे षटकोन कापा, त्यावर कापड दुमडून टाचा, मग कडेने हातशिलाई. कागद काढून पुन्हा वापरता येतो. माझं कधीच चुकत नाही.

सुईदोरा: मधुकोशताई, ती हाताने करायची पद्धत वेगळी. इथे कागदासकट मशीनवर टीप मारतात.
निळाई, कापड आटलं असतं तर तिघींचा फरक वेगवेगळा आला असता. प्रिंट कुठे काढल्या?

निळाई: पीडीएफ ग्रुपवर टाकली होती, प्रत्येकीने आपापली काढली. त्याचा काय संबंध?

सुईदोरा: तिथेच घोळ आहे. नमुना अमेरिकी लेटर कागदावरचा असणार, रुंदी ८.५ इंच. आपला ए-फोर ८.२७. 'फिट टू पेज' राहिलं की छपाई साधारण ९७ टक्क्यांवर येते. १२.५ चे ९७ टक्के म्हणजे १२.१२५, तुमचं १२ इंच १ सूत! पुढच्या वेळी 'ॲक्चुअल साइज' निवडायला सांगा. पानावर इंचाचा चौकोन असतो, तो पट्टीने मोजल्याशिवाय कापडाला हात लावू देऊ नका.

शिलाईमास्तर: टाका दीडवर ठेवा, सुई १४ नंबरची. टाका मोठा असेल तर कागद फाडताना शिवण सैल होते.

निळाई: दीडवरच ठेवला होता. पण आता जोडू कसे?

शिलाईमास्तर: मोठे ब्लॉक कापून १२ इंच १ सूत करा. पाच मिनिटांचं काम.

सुईदोरा: अजिबात नको! शिवणीसाठी सोडलेली माया पाव इंचच आहे. कडा कापल्या की जोडताना टोकं शिवणीत जातील. सगळ्यांना चारी बाजूंनी दोन इंची पट्टी लावा. शिवणीत जाणारी माया वजा जाता मोठे साडेपंधरा होतील, लहान १५ इंच १ सूत. मग सगळे १५ वर कापा. कापलं जाईल ते पट्टीचं कापड, फरक डोळ्याला जाणवत नाही.
उलट्या भिरभिऱ्याचा कागद कोणता होता?

निळाई: तिने बटर पेपरवर फक्त रेषा गिरवल्या होत्या.

सुईदोरा: मग कागद पालटला गेला. कापड कोऱ्या बाजूला ठेवायचं असतं, पण बटर पेपर आरपार दिसतो, त्यामुळे ते कोऱ्या बाजूला ठेवलंय की रेषांच्या, हे कळत नाही. रेषांबरोबर नमुन्यावरचे तुकड्यांचे आकडेही गिरवायचे. उलटे दिसले की लगेच कळतं.

वाकळवाली: कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहा. कडेपासून आत शिवत जातात, कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांच्या त्रिकोणी फुला. ना कागद, ना माप.

निळाई: कवंदी मलाही फार आवडते, पण तिचा वर्ग वेगळा घ्यावा लागेल.
सुईदोरा, तिघींना आत्ताच फोन केला. तिघींचाही चौकोन इंचाला किंचित कमी आहे! पट्ट्याच लावते. माझा धरून नऊ ब्लॉक होतात, उलटं भिरभिरं मधोमध ठेवणार. बाकीची आठ त्याच्याभोवती फिरताना दिसतील. पट्टीला कोरा मांजरपाट चालेल?

सुईदोरा: चालेल, पण आधी गरम पाण्यातून काढा. मांजरपाट फार आटतो.